गोरोबाकाकांचं थापटणं आणि शिरूरची किटली



आज ओवी घेऊन बसत नाही. आज एक प्रसंग घेऊ, तुम्हा सगळ्यांना माहीत असलेला. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं हातात घेऊन जमलेल्या संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना 'कच्चं मडकं' ठरवलं, तो. महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या 'भक्तविजया'तून तो घरोघरी गेला. मी इंजिनिअरिंगला असल्यापासून किमान वीस कीर्तनांत तो ऐकला असेन, आणि नामदेवांच्या रागावर दर वेळी बाकीच्या मंडपाबरोबर हसलोही असेन. ते हसणं कधी थांबलं ते पुढे येईलच. आधी किटलीचं सांगतो.

गेल्या शनिवारी बहिणीकडे शिरूरला गेलो होतो. उन्हाळा लागला की आपल्याकडे रस्त्याच्या कडेला माठांच्या उतरंडी दिसायला लागतात. यंदा एका मावशींकडे माठांच्या शेजारी मातीच्या किटल्याही मांडलेल्या होत्या. गोल पोट, बाजूला तोटी, धरायला कान, वर टोपीसारखं झाकण. माझे वडील, म्हणजे अण्णा, दौंडला असतात आणि चहाचे भयंकर शौकीन आहेत. म्हटलं, त्यांना नेऊ. सगळ्यात लाल आणि सगळ्यात गुळगुळीत दिसणारी एक उचलली आणि पैसे द्यायला फोन काढला.

मावशी म्हणाल्या, "दादा, वाजवून तर बघा की. आशीच नेणार व्हय?"

मी ती उलटसुलट करून बघितली. मला काय कळणार होतं! त्यांनी माझ्या हातातून घेतली, झाकण काढून बाजूला ठेवलं, डाव्या तळव्यावर किटली अलगद बसवली आणि उजव्या हाताच्या वाकवलेल्या बोटाने पोटावर टिचकी दिली. आवाज आला 'बद्द'. ओल्या लाकडावर मारल्यासारखा.

"ही नीट भाजली न्हाई. आव्यात कडंला ऱ्हायली आसंल."

दुसरी उचलली. हिचा आवाज चिरका आला, दोन आवाज एकमेकांवर घासल्यासारखा. "हिला तडा हाय. तुम्हाला दिसायचा न्हाई." खरंच दिसला नाही. उन्हात धरून, तोंडातून आत बघितलं तेव्हा तळाशी केसाएवढी रेघ सापडली.

तिसरी 'टण्ण' वाजली आणि तो आवाज क्षणभर हवेत राहिला. "ही न्या."

मी आपलं सहज विचारलं, "मग या दोन्ही टाकून देणार?"

"बद्दवाली कशापायी टाकू? पुढच्या आव्यात परत घालीन. तडा गेल्याली मातूर गेली."

मंडळी, हे वाक्य ऐकून मी तिथेच थबकलो. वीस कीर्तनं ऐकूनही नामदेवांच्या प्रसंगातलं एक साधं अंतर माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते कळण्यासाठी थोडं मातीविषयी बोलावं लागेल. इंजिनिअर आहे, तेवढं सहन करा.

कच्चं मडकं आणि फुटकं मडकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हात वाळलेलं मडकं दिसायला मडकंच असतं. आकार तोच, रंगही लावता येतो. पण त्यात पाणी भरलं की त्याचा परत चिखल होतो. भट्टीत साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात मातीच्या कणांमध्ये रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती माती पुन्हा भिजून चिखल होत नाही, परतीचा रस्ता बंद होतो. उष्णता आणखी वाढली की कण एकमेकांना कडेकडेने चिकटत जातात. अशा भांड्यावर टिचकी मारली की भिंत एकसंध थरथरते आणि आवाज टिकतो. कण सुटे राहिले असतील तर थरथर तिथल्या तिथे मुरते, म्हणून बद्द. आणि तडा असेल तर त्याच्या दोन कडा एकमेकींना घासून थरथर खाऊन टाकतात, म्हणून चिरका.

भाजून झालं तरी धोका संपत नाही. थंड होताना ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झची अंतर्गत रचना बदलते आणि तो किंचित आकसतो. त्या वेळी कुणी घाई करून आवा उघडला, गार वारा आत गेला, की चांगलं भाजलेलं भांडंसुद्धा चरकतं. म्हणजे कच्चेपणा आच कमी पडल्याने येतो आणि तडा बरेचदा उतावळेपणाने. पहिल्यावर उपाय आहे. गोरोबाकाकांनी नामदेवांना 'कच्चं' म्हटलं, 'फुटकं' म्हटलं नाही. नामदेवांना तेव्हा हे ऐकूच आलं नसणार. अपमान झालेल्या माणसाला विशेषण नीट ऐकू येत नाही.

जरा विषयांतर होतंय, पण शिरूरची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. याच तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. घरं, धान्याच्या कणग्या आणि मडकी भाजायची भट्टीसुद्धा! तिथल्या खापरांना 'जोर्वे' म्हणतात, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून. लाल पृष्ठावर काळी नक्षी, पातळ भिंत, आणि तोटीची भांडी तर त्या काळाची ओळखच. चित्र बघितलंत तर मावशींच्या किटलीची पणजी वाटेल. अभ्यासक या भांड्यांचं वर्णन करताना एक गोष्ट आवर्जून लिहितात: उत्तम भाजलेली, वाजवली की धातूसारखी खणखणणारी. तीन हजार वर्षं मातीत पडून राहिली आणि तरी टिचकीला उत्तर देतात.

आता टिचकीचं दुसरं टोक, दौंडचं. अण्णा रेल्वेत होते, गाडीडब्यांच्या तपासणीच्या कामावर. दौंड जंक्शन, त्यात पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तिथे एका टोकाचं दुसऱ्या टोकाला लावावं लागे, त्यामुळे गाड्या निवांत थांबत. तेवढ्या वेळात हे लोक लांब दांड्याचा हातोडा घेऊन एकेका चाकावर टोला देत चालायचे. टण, टण, टण. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर दबतं. लहानपणी रात्रपाळीला मी त्यांचा डबा घेऊन गेलो की प्लॅटफॉर्मवर उभा राहून ते ऐकायचो. अण्णा एकदा म्हणाले होते, "टोला जोरात द्यायचा नसतो. चाकाला फक्त विचारायचं असतं." मावशींची टिचकीही अशीच अलगद होती. जोरात मारलं तर चांगलं भांडंसुद्धा फुटेल, आणि मग आपण म्हणू, बघा, कच्चंच होतं!

हल्ली आपण सगळेच खिशात थापटणं घेऊन फिरतो. कोण खरा भक्त, कोण ढोंगी, कुणाचं कीर्तन बाजारू, हे फोनवर दोन मिनिटांत ठरवून मोकळे. थापटणं हे मुळात कुंभाराचं काम करायचं अवजार आहे. चाकावरून उतरलेल्या ओल्या मडक्याच्या आत एका हाताने गोल दगडाचा आधार धरायचा आणि बाहेरून थापटत भिंत पातळ आणि घट्ट करत न्यायची. आतला आधार सुटला तर मडकं चेपतं. ज्याला रोज आत हात घालून आधार द्यायची सवय आहे, त्याच्याच हातात ते शोभतं. बाकीच्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, ते खाली ठेवलेलं बरं.

आता मूळ प्रसंग. संतमंडळी एकत्र जमली आहेत, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, नामदेव आणि इतर. कुणी सांगतात तेरला, कुणी पंढरपूरला. मुक्ताईंची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर जाते. हे काय आहे काका? काका सांगतात, याने मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग आमचीही मडकी बघा की! (काही कीर्तनकार ही विनंती ज्ञानदेवांच्या तोंडी घालतात.) गोरोबाकाका उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत जातात. सगळे शांत बसतात. नामदेवांची पाळी येते आणि ते भडकतात. माणसाच्या डोक्यावर थापटणं मारतात का कुठे? आणि काका निकाल देतात.

एक गंमत सांगतो. परंपरेने दिलेली जन्मवर्षं धरली तर गोरोबा १२६७ चे आणि नामदेव १२७० चे. फक्त तीन वर्षांचं अंतर! तरी सगळे त्यांना 'काका' म्हणतात. आणि मुक्ताई १२७९ च्या, म्हणजे नामदेवांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. नामदेवांचं दुखणं इथे आहे असं मला वाटतं. ज्याच्या हातून देव नैवेद्य खातो त्या भक्ताची परीक्षा एका लहान मुलीच्या सांगण्यावरून, सगळ्यांसमोर, मडकी थापटायच्या फळकुटाने!

आणि हे थापटणं ज्यांच्या हातात आहे ते गोरोबाकाका कोण? भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना स्वतःचं रांगतं मूल पायाखाली आलं तरी ज्यांना कळलं नाही, ते. पुढे विठ्ठलाने ते मूल परत दिलं असं कथा सांगते. तरी खरं सांगू? मला ही कथा कायम अवघड गेली आहे. एकाग्रतेचा आदर्श म्हणून ती सांगतात, आणि मी प्रत्येक वेळी त्या आईचा विचार करतो. पण गेल्या वर्षापासून मी ती वेगळ्या अंगाने वाचतो. देवाच्या नावात डोळे मिटून उभं राहिलं की पायाखाली कोण येतंय ते दिसत नाही, हे ज्याला स्वतःच्या घरात कळलं, त्याने नंतर दुसऱ्याचं मडकं वाजवलं तर त्या हाताला काहीतरी अधिकार असणार. आधी कुठलं घडलं आणि मग कुठलं, हे मला माहीत नाही. हा माझा वाचनाचा क्रम आहे.

गेल्या वर्षापासून का, तेही सांगतो.

गेल्या वर्षी चैत्रात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. मी पुण्याहून धावत गेलो, चार दिवस राहिलो, दवाखान्याचं बिल भरलं, दिवसरात्र सांभाळायला एक माणूस लावला आणि परत आलो. रोज सकाळी इथे चिंतन टाकणं चुकलं नाही. त्या चार दिवसांतही नाही! मला याचा अभिमान होता. आषाढात तुकोबारायांच्या पालखीबरोबर यवत ते वरवंड एक दिवस चाललो. यवतला पिठलं-भाकरी खाल्ली, फोटो काढले, संध्याकाळी वरवंडच्या मुक्कामी पालखी पोचल्यावर दर्शन घेतलं आणि रात्री मित्रांच्या गाडीतून पुण्याला परतलो. सकाळी चिंतन लिहिलं. विषय होता 'चालणं हीच सेवा'. खूप जणांना आवडलं होतं ते.

दुपारी बहिणीचा फोन आला. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. ओरडली नाही, रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "वरवंडपासून दौंडचं घर किती लांब आहे रे, दादा?"

पाऊण तासही लागत नाही. पाटसला वळलं की आलंच.

मी गप्प. मग ती म्हणाली, "अण्णा तुझं चिंतन रोज वाचून घेतात. त्या सांभाळणाऱ्या दादाला सांगतात वाच म्हणून. तुझा फोन येत नाही ना, तर तेवढंच कळतं त्यांना, की तू बरा आहेस."

मंडळी, मी भडकलो. अगदी नामदेवांसारखा. माणसाच्या डोक्यावर असं थापटणं मारतात का? तिला सगळा हिशोब ऐकवला. बिल कोणी भरलं, माणसाचा पगार कोण देतं, रिलीज असताना मला सुट्टी मिळते का, तू एवढी जवळ शिरूरला आहेस मग तू काय करतेस! (ती दर आठवड्याला न्हावरा, पारगाव, चौफुला, पाटस असं दोन एसट्या बदलून जात होती, हे मला माहीत होतं.) फोन ठेवला आणि बायकोकडे तक्रार घेऊन गेलो. नामदेव पंढरपूरला विठ्ठलाकडे गेले होते, तसाच. तो तरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून. विठ्ठलाने काय केलं? ते बरोबर बोलतात, म्हणाला. माझ्याशी तुझी जवळीक आहे, पण गुरू केल्याशिवाय तू कच्चाच. बायको माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "खरंय ना पण ते."

तिथून मला या प्रसंगात हसू येत नाही.

थापटण्याने मडक्यात तडा पडत नाही, कच्चेपणाही येत नाही. जे आत आहे ते ऐकू येतं, इतकंच. आमच्या कामात हे रोज बघतो. टेस्टिंगवाली मुलगी बग दाखवते तेव्हा बग तिने घातलेला नसतो, तरी सगळी टीम तिच्यावरच चिडलेली असते. माझा कच्चेपणा बहिणीच्या प्रश्नाने तयार झाला नव्हता. तो बाहेरून चांगला गेरू लावून, रोज सकाळी सात वाजता मांडून ठेवलेला होता.

नामदेवांची पुढची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती पटकन घडत नाही. विठ्ठल त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवतो. देवळात जाऊन बघतात तर हा म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेला! नामदेव पुन्हा चिडतात. कच्चं मडकंच ते, लगेच बद्द वाजणार. विसोबा म्हणतात, बाबा रे, मला उठवत नाही, जिथे पिंडी नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून दुसरीकडे ठेवतात, तिथे पिंडी. तिसरीकडे, तिथेही. आपण सांगताना चमत्कारावर थांबतो. मला मात्र त्या क्षणाआधीचं दिसतं: नामदेवांनी एका थकलेल्या म्हाताऱ्याचे पाय स्वतःच्या हातांनी उचलले. कदाचित त्यांचं भाजणं तिथे सुरू झालं असेल.

अण्णांचे पाय उचलायला मी त्या आषाढानंतर शिकलो. आठवड्यातले तीन दिवस दौंडहून काम करायची परवानगी मिळाली. पहिला महिना अगदी वाईट गेला. मी कॉलवर असायचो आणि अण्णा बाथरूमला जायचं असलं तरी मला न सांगता त्या सांभाळणाऱ्या दादाची वाट बघत बसायचे. लाजायचे. मुलाला लाजत होते. मला वाटलं होतं मी आलो म्हणजे झालं. आव्यात मडकं ठेवलं म्हणजे ते भाजलं असं नसतं. आणि घाईने उघडलं तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

नामदेव त्यानंतर कुठवर गेले ते तुम्हाला माहीत आहे. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे, गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं. त्या मांडवातलं एकमेव कच्चं मडकं सगळ्यात लांबवर गेलं.

तर किटली. टण्ण वाजलेली ती मी शिरूरहून मांडीवर धरून दौंडला आणली. तुमच्यापैकी कुणी घेणार असेल तर मावशींनी आणि अण्णांनी मिळून मला जे शिकवलं ते सांगतो. वाजवताना झाकण काढा आणि भांडं मुठीत आवळू नका, तळव्यावर सैल ठेवा, नाहीतर पक्कं भांडंही बद्द वाजतं. मग तोटी आणि कानाचे सांधे बघा. ते वेगळे करून नंतर जोडलेले असतात. पोट जरा जास्त वाळलेलं आणि तोटी ओली असेल तर दोघं वेगवेगळं आकसतात आणि सांध्यात फट राहते. तोटीचं टोक किटलीच्या काठापेक्षा खाली नको, नाहीतर पूर्ण भरायच्या आधीच तोटीतून सांडेल. ओलं बोट फिरवून बघा, लाल रंग बोटाला आला तर नुसता वरून लावलेला आहे. आतून चकचकीत काचेसारखा लेप असेल तर तो शिशाचा नाही याची खात्री असल्याशिवाय त्यात चहा करू नका. आणि शेवटी पाणी. रात्रभर भरून, खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. माठ पाझरलाच पाहिजे, त्या ओलाव्याचं बाष्प होताना तर पाणी गार होतं. किटलीही पहिल्या रात्री अंगभर दमट होते, ते चालतं. एका जागी थेंब जमत असेल तर मात्र बघायला हवं.

माझ्या किटलीखाली रविवारी सकाळी वर्तमानपत्रावर तोटीच्या बरोबर खाली रुपयाएवढा ओला डाग होता.

मला वाईट वाटलं. इतकी खणखणीत वाजून! अण्णांना दाखवलं. ते खुर्चीत बसले होते. म्हणाले, जीभ अजून जडच आहे, शब्द वेळ घेतात, "नुसतं वाजवून... नाही चालत. आम्ही हात पण लावायचो." चाकाला टोला दिल्यावर ते शेजारच्या ॲक्सल बॉक्सला हाताची मागची बाजू लावून बघायचे, तापलाय का म्हणून. कानाला न कळणारं हाताला कळतं. त्यांनी डावा हात पुढे केला. मी किटली धरली. तोटीच्या सांध्याखालून त्यांनी बोट हळूहळू फिरवलं, दोनदा. "पाझर आहे. तडा नाही."

मग तांदळाची पेज केली. दाट. किटलीत ओतून गॅसवर जाळी ठेवून अगदी मंद आचेवर तासभर शिजत ठेवली. पिठूळ पाणी मातीच्या छिद्रांत जाऊन बसतं, आजीच्या वेळी नवीन मातीच्या भांड्याला असंच करायचे. मोठी आच लावायची नाही, रिकामी तापवायची नाही, गरम असताना गार पाणी घालायचं नाही. तासभर दुसरं काम नव्हतं. लॅपटॉप आत होता. आम्ही दोघं त्या किटलीकडे बघत बसलो. अण्णांनी मध्येच नागपूरच्या कुठल्याशा गाडीची गोष्ट काढली, अर्धी मला कळली, अर्धी नाही. पुन्हा विचारली. त्यांनी पुन्हा सांगितली.

किटली पूर्ण गार होऊ दिली. धुतली, रात्रभर पुन्हा पाणी भरून ठेवली. सोमवारी सकाळी कागद कोरडा होता.

चहा ठेवायच्या आधी अण्णा म्हणाले, "वाजव." त्यांचा डावा कान जरा मंद आहे, उजवा चांगला. मी झाकण काढलं, किटली तळव्यावर घेतली, त्यांच्या उजव्या कानाजवळ नेली आणि टिचकी दिली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाजवली.